गाडीखालचा डाग लपवून गाडी विकायची नाही



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पार्किंगमधला आहे. सेकंडहँड स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनातून गळणारे ऑइल. ‘हा पुरुषांचा विषय’ म्हणून सोडून देऊ नका. फरशीवरचा तो काळा डाग घरात सर्वांत आधी आपल्याला दिसतो आणि घासायलाही आपणच बसतो. माझे मत सरळ आहे. डाग घासण्याआधी तो कुठून आला ते शोधायचे. आणि गाडी विकायची वेळ आलीच, तर तो दाखवून विकायची.

आपल्या मुलांना स्पोर्ट्स गाडी हवी असते म्हणजे काही फेरारी नसते. औरंगाबादला जोडलेली ऑक्टाव्हिया व्हीआरएस, रांजणगावची अबार्थ पुंटो, चाकणची पोलो जीटी टीएसआय, अशा आपल्या महाराष्ट्रातूनच निघालेल्या वेगवान टर्बो गाड्यांवर त्यांचा जीव. गोव्यात तर सॅन स्टॉर्म नावाची दोन दारांची, फायबरच्या बॉडीची गाडी बनत असे. या सगळ्या आता नव्या मिळत नाहीत. पोलोसुद्धा २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे घ्यायची तर वापरलेलीच. आणि गाडीचे वय झाले की रबर कडक होणारच, नाव कोणतेही असो.

आमच्या पुतण्यानेही मागच्या वर्षी अशीच एक घेतली. कोणती आणि कुणाकडून, ते इथे लिहीत नाही. बॉनेट उघडून दाखवले तेव्हा इंजिन नव्या भांड्यासारखे चकचकीत होते. घरचे सगळे खूश. दोनदा कसारा घाट चढून-उतरून मुंबई झाली आणि तिसऱ्या आठवड्यात जाऊबाईंच्या पांढऱ्या फरशीवर रुपयाएवढा डाग. दर चार दिवसांनी तो वाढायचा.

आता हे ऑइल सील म्हणजे काय, ते आपल्याला पुरुषांपेक्षा लवकर कळेल. मिक्सरचे भांडे खालून गळायला लागते ना, चटणी वाटताना काळपट पाणी येते? तिथे फिरणाऱ्या दांड्याभोवतीचे सील झिजलेले असते. इंजिनातही तेच. क्रँकशाफ्ट आत फिरतो, त्याची टोके बाहेर येतात, आणि तिथे धातूची कडी, तिला रबराची पातळ ओठासारखी कडा आणि ती कडा दांड्याला टेकवून ठेवणारी बारीक स्प्रिंग, असे सील बसवलेले असते. उष्णतेने रबर कडक होते, झिजते. गाडी नुसती उभी राहिली तरी बिघडते, कारण कडेवरचा तेलाचा थर सुकतो. चातुर्मासात प्रवास कमी म्हणून चार महिने गाडी कव्हरखाली ठेवणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे.

पण सगळी गळती सीलचीच असते असे नाही, आणि पैसे इथेच वाया जातात. इंजिनात आत वाफ आणि धूर साचतो. तो बाहेर पडायला एक वाट असते, तिला गॅरेजमध्ये ब्रीदर किंवा पीसीव्ही म्हणतात. ती चिकट मळीने बुजली की आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. कुकरची शिटी बुजली की वाफ गॅस्केटमधून फुसफुसते, तसेच. शिटी साफ न करता गॅस्केट कितीदा बदलाल? म्हणून सील बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला पहिला प्रश्न हाच विचारायचा: ब्रीदर पाहिला का? टर्बो गाडीत तर हा प्रश्न दोनदा विचारा.

दुसरी गोष्ट, थेंब जिथे पडतो तिथेच गळते असे नाही. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून निघालेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळत मागे येते, वाऱ्याने पसरते आणि थेट गिअरबॉक्सजवळ टपकते. मग स्वस्तातल्या गॅस्केटऐवजी मागचे मोठे सील बदलायचा खर्च अंगावर येतो. ते सील इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे असते. सील स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी भारी. म्हणून आधी इंजिन स्वच्छ धुवायचे, थोडी गाडी चालवायची आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यायचे. नाहीच सापडले तर तेलात रंग टाकून निळ्या दिव्याखाली बघतात. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवणे मात्र आपले काम. सकाळी काळपट-तपकिरी डाग असेल तर इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुधा गिअरबॉक्स किंवा स्टिअरिंगचे, आणि नुसते पाणी असेल तर एसीचे. त्यासाठी कुणाला उठवायची गरज नाही.

आमच्याकडे मात्र बैठकच बसली. एकाचे म्हणणे, दर आठवड्याला वरून ऑइल टाकत राहू. दुसऱ्याने गळती थांबवणारे औषध सुचवले. ते कडक झालेले रबर थोडे फुगवते, काही दिवस चालून जाते, पण झिजलेली कडा काही भरून येत नाही. तिसरे, जाड ऑइल भरा. टर्बोच्या दांड्याला पातळ तेल वेळेवर लागते. कंपनीने सांगितलेले सोडून जाड भरले तर गळती वाचेल आणि टर्बो जाईल. चौथे म्हणणे सर्वांत हळू आवाजात आले: धुऊन-पुसून दिवाळीच्या आत विकून टाकू, आपल्यालाही तशीच मिळाली ना.

याच वाक्यावर मी बोलले. मागच्या सीलचे तेल क्लचवर गेले की क्लच घसरतो. पुढच्या सीलचे टायमिंग बेल्टवर गेले की बेल्ट खराब होतो, आणि बहुतेक अशा इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. गरम एक्झॉस्टवर तेल पडले तर धूर, क्वचित आग. चकचकीत इंजिन पाहून जो मुलगा ही गाडी घेईल, त्याची आईही मागच्या सीटवर बसेल. आणि आपण तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार म्हणतो, खोटा माल खरा म्हणून देणे, तो फक्त तुपात डालडा मिसळणाऱ्यासाठी आहे का? आमचे मोठे भाऊजी चिडले. त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता: आधीच्या मालकाने आम्हाला सांगितले नव्हते, मग नुकसान आम्हीच का सोसायचे? मला वाटते, सोसायचे. नाहीतर ती गाडी डाग घेऊन घराघरांतून फिरत राहते.

शेवटी पुतण्याने अंबडला एका गॅरेजमध्ये गाडी उघडली. ब्रीदरचा पाइप जवळजवळ बंद, मागचे सील कडक, क्लच अर्धा संपलेला. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लचही त्याच मजुरीत, हा हिशेब जाऊबाईंनी केला, मेकॅनिकने नाही. तिथला कारागीर जाणता होता. नवे सील टेफ्लॉनच्या कडेचे होते. ते तेल न लावता कोरडेच बसवायचे असते आणि नंतर काही तास इंजिन सुरू करायचे नसते. त्याने गाडी दुसऱ्या दिवशीच दिली. ‘तासात देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा असा माणूस मला बरा वाटतो.

गाडी दुरुस्त होईपर्यंत एवढे करा. रविवारी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. लाल तेलाचा दिवा लागला तर ‘घरी जाऊन बघू’ नाही, तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद. तो दिवा दाब गेल्याचा असतो, टर्बोची त्यापुढची मिनिटे महाग पडतात.

आणि तो डाग साबण लावून नाल्यात सोडू नका. आपले कितीतरी नाले नासर्डीला आणि नासर्डी गोदावरीला मिळते. शिवाय त्या चिकट थेंबात मुंग्या अडकून मरतात, ते मी स्वतः पाहिले आहे. लाकडाचा भुसा टाकला की तेल शोषले जाते. तो भुसा आणि काढलेले जुने ऑइल गॅरेजवाल्याकडेच द्या. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे. कुठे देता, असे त्याला विचारा. आमच्याने पावती काढून दाखवली.