कवळी आणि लाळ

वैशाखांत चंद्रपुरास पारा ४५ अंशांच्या पुढें सहज जातो. अशाच एका दुपारीं आम्ही तेथील एका स्नेह्यांकडे जेवावयास बसलों होतों. पानें मांडलीं, पण आजोबा पंगतीस आले नाहींत. चौकशी करितां कळलें, कीं नवी कवळी सैल झाल्यामुळें ते महिनाभर माजघरांत एकटेच पेज घेतात. कवळी करणाराला घरांतील सर्वांनीं दोष दिला. आजोबांचें तोंड कोरडें पडतें काय, हें मात्र कोणीं विचारिलें नव्हतें.

वरची कवळी टाळूशीं धरून राहते ती मुख्यतः लाळेच्या पातळ थरामुळें. कांचेच्या दोन तुकड्यांमध्यें पाण्याचा थेंब असला, तर ते सहजासहजीं विलग होत नाहींत. तोच हा न्याय. निरोगी माणसास दिवसाकाठीं अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आटली, कीं कवळी सुटते, हिरड्यांस घासते व व्रण पाडते. खालच्या कवळीस टाळूचा आधार नसल्यानें तिची पकड आधींच कमी. उलटपक्षीं, नव्या कवळीनें प्रथम लाळ फार सुटते; तोंड तिला अन्नच समजतें! तें कांहीं दिवसांत ओसरतें.

लाळ आटण्यास उन्हाळा व कमी पाणी पिणें कारण होतेंच. पण रक्तदाब, ऍलर्जी, नैराश्य ह्यांवरील कित्येक औषधेंही लाळ आटवितात. तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत. त्यांची यादी डॉक्टरांस व दंतवैद्यांस दाखवावी. घोट घोट पाणी प्यावें, कवळी ओली करून बसवावी, रात्रीं काढून, घांसून थंड पाण्यांत ठेवावी. उकळत्या पाण्यानें ती वांकते. लाळ सुटावी म्हणून खर्रा तर मुळींच चघळूं नये. त्यांतील तंबाखू व सुपारी मुखकर्करोगास कारण होतात. गडचिरोली जिल्ह्यांत २०१६ सालीं ‘मुक्तिपथ’ ही मोहीम दारू व तंबाखू ह्यांविरुद्धच सुरू झाली. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण अवश्य दाखवावा. कालांतरानें जबड्याचें हाडही झिजतें. तेव्हां कवळीचें माप पुन्हां तपासून घ्यावें.

आजोबांच्या औषधांची यादी सूनबाईंनीं डॉक्टरांकडे नेली व त्यांनीं एक औषध बदलून दिलें. श्रावणांत आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां आजोबांचें पान पंगतींत होतें. पोळी ते बारीक मोडून, सावकाश खात होते. त्यांचें होईपर्यंत कोणीही उठलें नाहीं.