लंगडतंय कुत्रं, दुखणं रस्त्याचं

गटारी झाली, श्रावण लागला. आणि कळंबोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवरचा काळू तीन पायांवर चालायला लागला. "गाडीने उडवलं असणार," वॉचमनकाका म्हणाले. "कोणीतरी काठी घातली असेल," दुसऱ्याचं मत. चार दिवस नुसती मतंच चालली. पाय उचलून कोणी बघितला नाही. मीही नाही. वीस वर्षं बातमीदारी करतोय, तरी!

पाचव्या दिवशी डॉक्टर आणले. तोंडाला पट्टी बांधून पंजा उलटा केला, तर तळव्याच्या गादीत बाटलीची काच. भोवती पू. आणखी दोन दिवस गेले असते तर अळ्या पडल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. काच कुठली, ते सांगायला नको. गटारीच्या रात्री मैदानाच्या कडेला बाटल्या कोणी फोडल्या?

मंडळी, कुत्र्याचा पंजा म्हणजे आपल्या रस्त्याचा पंचनामा असतो. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी तुंबतं. बोटांच्या बेचक्या ओल्याच राहतात, तिथे बुरशी धरते, खाज सुटते. मग कुत्रं तासन् तास पाय चाटतं. पांढऱ्या कुत्र्याच्या बोटांमधले केस लालसर दिसले तर ती मेंदी नव्हे, सतत चाटल्याची खूण आहे. त्याच बेचक्यांत गोचीड लपतात आणि तापाचं दुखणं देतात. उन्हाळ्यात डांबर आणि पेव्हर ब्लॉक तापले की तळवे भाजतात. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही त्यावर चालवू नका.

घरच्या कुत्र्याची तऱ्हा वेगळी. फरशीवर नखं झिजत नाहीत. अंगठ्याचं नख तर जमिनीला लागतच नाही, ते वळून कातडीत घुसतं. फिरून आल्यावर पाय धुवा, बेचक्या कोरड्या पुसा, दोन मिनिटं नीट बघा. एवढं पुरतं.

आता पाण्याबद्दल. आपल्या शेजारी तळोजा आहे. ऑगस्ट 2017 मध्ये तिथल्या एमआयडीसीत निळी कुत्री फिरताना दिसली, फोटो जगभर गेले. कासाडी नदीत रंगाचं सांडपाणी जातंय अशी तक्रार नवी मुंबई ॲनिमल प्रोटेक्शन सेलने केली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका रंग कारखान्यावर बंदची कारवाई केली. चांगलंच झालं. पण कुत्रं निळं झालं म्हणून आपल्याला दिसलं. बिनरंगी रसायन असतं तर? ते पंज्याला लागतं, कुत्रं चाटतं, पोटात जातं. कोणाला पत्ताही लागत नाही. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून गेलं की लेप्टो होऊ शकतो, हे आपल्याला दर पावसाळ्यात सांगतात. तो कुत्र्यालाही होतो. पाणी एकच, पाय तेवढे वेगळे.

"माणसांचे प्रश्न सुटेनात आणि तुम्हाला कुत्र्यांची पडलीय," अशी कमेंट येणारच. म्हणून आधीच सांगतो. दुखऱ्या पायाचं कुत्रं चिडकं होतं. पोरगं जवळ गेलं की गुरगुरतं, प्रसंगी चावतं. त्याचा पाय बरा होणं कुत्रा आवडणाऱ्याच्या फायद्याचं आहे आणि न आवडणाऱ्याच्याही.

पनवेल आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडे साधी मागणी आहे. 2023 च्या नियमांप्रमाणे भटकी कुत्री पकडून, निर्बीजीकरण करून, रेबीजची लस देऊन पुन्हा त्याच भागात सोडायची असतात. म्हणजे भूल दिलेलं कुत्रं डॉक्टरांच्या समोर टेबलावर असतंच. तेव्हाच चारही पंजे बघा. काच काढा, नख कापा, गोचिडांचं औषध द्या. त्यासाठी वेगळी योजना नको, टेंडर नको. आणि गटारी, थर्टी फर्स्टच्या दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडा आधी झाडा. तिथे आपली पोरंही अनवाणी खेळतात.

आपणही एक पाळू. जखमेवर रॉकेल, फिनाईल, जळकं ऑइल ओतू नका. आपल्या डोकेदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका, जिवावर बेतू शकतं. अनोळखी कुत्र्याचा पाय एकट्याने धरू नका. चावलंच तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

काळू आता चारही पाय टेकतोय. मैदानाच्या कडेची काच मात्र काल संध्याकाळपर्यंत तिथेच होती. आज सकाळी आम्ही तिघं झाडू घेऊन गेलो, अर्धी गोणी भरली. तुमच्या सेक्टरमध्ये अशी जागा कुठे आहे? कमेंटमध्ये फोटोसकट टाका. यादी करून वॉर्ड ऑफिसात मी स्वतः देतो.