अर्ज कोणी लिहायचा?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

सुट्टीत मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो की शेजारचे आप्पा हातात एखादा कागद घेऊन येतातच. "बाळा, कॉलेजात शिकतोस न्हवं, एवढं लिहून दे की!" गेल्या वर्षी गव्यांनी त्यांचे भाताचे शेत तुडवले. नुकसानभरपाईचा अर्ज कन्नडमध्ये द्यायचा होता. आप्पांना कन्नड बोलता येते, बाजारात त्या भाषेत घासाघीसही करता येते. पण लिहिता येत नाही. मी अर्ज लिहून दिला. एक रकाना रिकामा राहिला म्हणून तो परत आला, आणि दुसऱ्यांदा दिला तोवर मुदत टळून गेली होती. गवे कोणत्या वाटेने उतरतात, कोणत्या महिन्यात उतरतात, हे आप्पांना तोंडपाठ आहे. अर्जात ते विचारलेलेच नव्हते.

यंदा सरकारी अनुदानांवर प्रकल्प लिहिताना अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यासाठी २००० साली झालेला एक कायदा वाचनात आला, आणि मला आप्पा आठवले. कायदा जंगल पूर्ववत करण्याच्या कामांना अनुदान देण्याविषयीचा आहे. त्यासाठी वर्षाला ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम ठरवली होती. एका प्रकल्पाला सरकारकडून जास्तीत जास्त ३ लाख ६० हजार डॉलर, मुदत चार वर्षांपेक्षा अधिक नाही, आणि एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा अर्जदारांनी उभा करायचा. पैसा मागेल त्याला मिळत नाही. अर्ज मागवायचे, ते तपासायचे आणि त्यांतले सरस निवडायचे. थोडक्यात, ही स्पर्धाच आहे.

जंगल पूर्ववत करायचे म्हणजे झाडे लावायची, असे आपल्याला वाटते. तिथे प्रश्न उलटा आहे. न्यू मेक्सिकोच्या डोंगरांवरची पाँडेरोसा पाइनची जंगले पूर्वी विरळ असत. दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग गवत आणि रोपे जाळून जाई आणि जाड सालीची जुनी झाडे तशीच उभी राहत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली. तिच्या मागोमाग मेंढ्यांचे आणि गुरांचे प्रचंड कळप आले आणि आग वाहून नेणारे गवतच त्यांनी खाऊन टाकले. पुढे सरकारच्या वनखात्याने दिसेल ती आग विझवण्याचे धोरण घेतले. १९३५ सालापासून तर लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची, असा दंडकच होता. परिणामी जिथे एकरी काही डझन झाडे होती तिथे बारीक झाडांची शेकड्यांनी दाटी झाली. आता आग लागली की ती शेंड्यापर्यंत चढते आणि म्हातारी झाडेही गिळते.

म्हणून बारीक झाडे काढायची आणि मग हवा, ओल पाहून आटोक्यातली आग लावायची. आमच्याकडे राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. वाण्याच्या हिशेबाने मात्र हा तोट्याचा धंदा. मोठे झाड विकले जाते, पण कायदा म्हणतो की जुनी व मोठी झाडे राखा. बारीक लाकडाला भाव नाही. फार तर जळण, कुंपणाचे खांब, मातीच्या घरांची आढी. विरळणीला मात्र एकरी शेकडो डॉलर लागतात. जमा बाजू आणि खर्चाची बाजू कधी जुळतच नाही, म्हणून अनुदान.

इथवर कायदा शहाणा आहे, एवढेच म्हणता येईल. मला खरा आदर वाटला तो पुढच्या अटीबद्दल. प्रकल्प आखताना, राबवताना आणि नंतर त्याची तपासणी करताना निरनिराळ्या, एकमेकांना तोलून धरणाऱ्या पक्षांना सामील करून घेतलेच पाहिजे. अर्ज पाहणाऱ्या १२ ते १५ जणांच्या सल्लागार मंडळातही निसर्गरक्षणवाले, स्थानिक गावकरी आणि लाकूड-चराईच्या धंद्यातले लोक यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. शिवाय मूळ रहिवासी जमातींचा किमान एक, स्वतंत्र शास्त्रज्ञ किमान दोन.

हे पक्ष एकत्र बसणे किती अवघड होते, ते तिथला इतिहास जाणल्याशिवाय कळत नाही. न्यू मेक्सिको १८४८ पर्यंत मेक्सिकोत होता. उत्तरेकडच्या स्पॅनिश बोलणाऱ्या गावांना पूर्वीच्या राजवटींनी सामाईक गायराने आणि राने दिली होती. युद्धानंतरच्या तहात मालमत्तेची हमी असूनही, नव्या राज्याच्या न्यायालयांत, त्यांच्या नव्हे अशा भाषेत दावे लढवताना, या सामाईक जमिनींचा फार मोठा भाग गावांच्या हातून गेला. त्यातला बराचसा पुढे राष्ट्रीय वनांत सामील झाला. ती जखम इतकी ओली होती की ५ जून १९६७ रोजी या जमिनी परत मागणाऱ्यांनी तिएरा अमारिया गावच्या कोर्टावर सशस्त्र चाल केली. नंतर १९९० च्या दशकात ठिपकेदार घुबडाच्या रक्षणासाठी निसर्गप्रेमी मंडळी कोर्टात गेली आणि १९९५ साली राष्ट्रीय वनांतली तोड मनाईहुकमाने थांबली. चुलीसाठी लाकूड आणणारा गावकरी आणि घुबड वाचवणारा शहरी माणूस समोरासमोर उभे राहिले. अशा लोकांनी एकाच अर्जावर सह्या करायच्या! भांडण मिटवण्याचे भाषण कोणी केले नाही. पैसा हवा असेल तर सोबत या, एवढेच म्हटले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही रीत पटते.

माझा आक्षेप आहे तो स्पर्धेवर. स्पर्धा नकोच, असे मी म्हणत नाही. पैसा मर्यादित असला की निवड करावीच लागते, आणि वशिल्याने निवडण्यापेक्षा गुणांनी निवडलेले बरे. पण गुण कशाला मिळतात? अर्जाला मिळतात, जंगलाला नाही. ज्या संस्थेत पगारी अर्ज-लेखक आहे, हिशेबनीस आहे, नकाशे काढणारा आहे, तिचा अर्ज नेटका होणारच. जिथे आजोबांपासून रान पाठ आहे पण इंग्रजी परिच्छेद जुळवता येत नाही, त्या गावाचा अर्ज तिसऱ्या पानावरच धापा टाकतो. अर्ज कसा लिहावा याची शिबिरे भरवली तर ही अडचण थोडी हलकी होते, सुटत नाही. मी स्वतः सातवीपर्यंत इंग्रजीला घाबरणारा मुलगा. आजही ताळेबंद मला मराठीत कळतो आणि परीक्षेत इंग्रजीत लिहावा लागतो. त्यामुळे ही धाप मला ओळखीची आहे.

पाचव्या हिश्श्याचेही असेच. कायद्याच्या आकड्यांत एकूण खर्च साडेचार लाख डॉलर धरला तर ९० हजार अर्जदारांचे. हा हिस्सा श्रमाच्या किंवा अवजारांच्या रूपानेही देता येतो. ही सवलत चांगली, पण गावकऱ्याच्या कुऱ्हाडीच्या घावाची किंमत कागदावर मांडायला पुन्हा हिशेबनीसच लागतो. आणि सरकारी अनुदानात बहुधा खर्च आधी, पैसे मागाहून. खेळते भांडवल नसलेल्याने ते दोन-चार महिने काय करायचे? प्राध्यापकांना हा प्रश्न विचारला तेव्हा ते हसले, म्हणाले, "कर्ज काढायचे."

२००९ साली साधारण हीच कल्पना साऱ्या अमेरिकेसाठी कायद्यात आली. तिथे प्रदेश किमान ५० हजार एकरांचा, आराखडा दहा वर्षांचा, वर्षाला ४ कोटी डॉलरपर्यंत निधी (२०१८ च्या कायद्याने ही मर्यादा दुप्पट केली), आणि वर्षाला फार तर दहा प्रस्तावांची निवड. आगीला गावची शीव कळत नाही, म्हणून मोठा प्रदेश हवा हे मान्य. शेजारच्या ॲरिझोनात चार राष्ट्रीय वने मिळून २४ लाख एकरांचे काम याच योजनेत घेतले गेले. पण एवढ्या मोठ्या मांडवात लहान गाव कुठे उभे राहणार?

आपल्याकडे स्पर्धाही नाही आणि एकत्र सहीही नाही. संयुक्त वनव्यवस्थापनाचे केंद्राचे परिपत्रक १ जून १९९० चे. कर्नाटकात १९९३ पासून ग्राम अरण्य समित्या आल्या. भरपाई वनीकरणाचा कायदा २०१६ चा, आणि त्या निधीतून ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने २७ राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये दिले. हा पैसा खात्याच्या वार्षिक आराखड्यांतून खाली उतरतो. त्याच्या एखाद्या कागदावर आप्पा, लाकूड-व्यापारी आणि भीमगड अभयारण्याचा अभ्यासक यांच्या सह्या शेजारी-शेजारी मी तरी पाहिलेल्या नाहीत. न्यू मेक्सिकोकडून घ्यायचे तर ती सही आधी घ्यावी. स्पर्धा मागाहून, आणि तीही बदलून.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपाने काय साधले? एप्रिल २०२२ मध्ये त्याच राज्यात मोरा आणि सान मिगेल परगण्यांत वनखात्याने स्वतः लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या. एक नियंत्रित म्हणून लावलेली, दुसरी जानेवारीत पेटवलेल्या ढिगांत धुमसत राहिलेली. दोन्ही मिळून ३ लाख ४१ हजार एकर जळाले. राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा. जळाली ती बरीचशी जुन्या स्पॅनिश वस्त्यांची राने आणि घरे. म्हणजे उपचारानेच घात केला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या भरपाईसाठी अमेरिकी संसदेने २०२२ सालीच ३९५ कोटी डॉलर मंजूर केले. वर्षाला ५० लाखांच्या हिशेबाने ही ७९० वर्षांच्या अनुदानाची रक्कम होते. हा भागाकार मी तीनदा करून पाहिला. विरळणीसाठी, आणि आग लावण्याआधी वारा पाहणाऱ्या स्थानिक माणसासाठी, पैसे मोजताना काटकसर होते. राख झाल्यावर तिजोरी उघडते.

माझ्या हाती असते तर मी अनुदानाचा एक भाग अर्ज लिहिण्याआधीच वाटला असता: नकाशासाठी, हिशेबनिसासाठी, दुभाष्यासाठी. आणि निवड करणाऱ्या मंडळाने अर्ज वाचण्याबरोबरच रानात चालत जाऊन अर्जदाराच्या भाषेत त्याचे म्हणणे ऐकावे, अशी अट घातली असती. सरकारने हे करावे तेव्हा करावे. आपल्या या अंकात मराठी विभाग आहे आणि कन्नड विभागही आहे. दोन्हीकडे लिहिणारे हात आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे पुढचे शिबिर खानापूर भागात घेतले, तर दिवसा चर खणावेत आणि संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर अर्ज लिहायला बसावे. आप्पांना मी सांगून ठेवले आहे. यंदा ते कागद सुगीच्या आधीच आणणार आहेत.