स्मारकापर्यंत सोबत द्या

मा. संचालक,
सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे.



आपले कार्यालय घोरपडीला, राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या समोर आहे. पुणेकरांच्या वर्गणीतून उभे राहिलेले आणि १९९८ च्या स्वातंत्र्यदिनी खुले झालेले हे स्मारक आपल्याला येता-जाता दिसते. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातला म्हातारा फौजी पुण्याला येतो तो दवाखान्यासाठी, नाहीतर पेन्शनच्या एखाद्या अडलेल्या कागदासाठी. काम उरकले की मिळेल त्या एसटीने परत फिरतो. स्मारकाच्या दारावरून जाऊनही आत न गेलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. आत जायला कोणी अडवत नाही. पण वय झालेले, गुडघे गेलेले, शहराच्या रहदारीची धास्ती घेतलेले, आणि बरोबर कोणी नाही.

म्हणून हे पत्र. १९६५ आणि १९७१ ची लढाई लढलेल्या माणसांना युद्ध स्मारकांपर्यंत नेण्याचे काम आपल्या विभागाने अंगावर घ्यावे, आणि प्रत्येकाबरोबर एक सोबती द्यावा, एवढीच मागणी आहे. पैशांचे पुढे बोलतो. आधी माणसाचे बोलू.

१९७१ मध्ये जो विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६५ चे तर ऐंशी ओलांडून गेले. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात म्हाताऱ्या फौजीला पारावर दुसरा फौजी भेटतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाने ४६ माणसे गमावली आणि तिथे घरटी सैनिक आहे, हे सारा महाराष्ट्र जाणतो. आमच्याकडे तसे नाही. ईट, पाथरूड, वालवड, माणकेश्वर, बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्या. कुठे एक, कुठे दोन अशी ही माणसे विखुरलेली. पलटणीतले सवंगडी कोणी नाशिकचा, कोणी कोकणातला, कोणी मध्य प्रदेशातला. रिटायर होऊन गावी आल्यावर त्या दिवसांबद्दल बोलायला समोर कोणी उरले नाही. आणि १९७१ वाल्यांच्या नशिबी तर लढाईच्या पाठोपाठ ७२ चा दुष्काळ आला. पोरगा ढाक्याची, नाहीतर राजस्थानच्या सीमेवरची लढाई लढून सुट्टीला घरी आला तेव्हा बाप दुष्काळी कामावर खडी फोडत होता. लढाई कशी झाली हे विचारायची सवड कोणाला होती? त्यानंतर विचारायचे राहूनच गेले.

मी स्वतः सैनिक नाही. शाळामास्तर होतो. निवृत्त झाल्यापासून तालुक्यातल्या या मंडळींबरोबर जमेल तसा जातो. कधी अहिल्यानगरला रणगाड्यांच्या संग्रहालयात, कधी पुण्याला, एकदा कुर्डुवाडीहून रेल्वेने दिल्लीला. जाताना पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकाचे डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले. दर दोन तासांनी गाडी थांबवायची. खालचा बर्थ मिळवायचा. साखर असलेल्याला वेळेवर भाकरी द्यायची. हे सगळे कोणालाही शिकवता येते. शिकवावे लागते ते वेगळेच. पोरे त्यांना विचारतात, "आबा, तुम्ही किती मारले?" हा प्रश्न विचारू नये, हे सोबत जाणाऱ्याला आधी सांगावे लागते. त्यांना फोटोसाठी उभे करू नये, भाषण करायला लावू नये, आणि ते गप्प बसले तर आपणही गप्प बसावे.

दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक इंडिया गेटजवळ २०१९ च्या फेब्रुवारीत खुले झाले. तिथे त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे कोरलेली आहेत. आमच्यातल्या एका मेजरना तिथे एक नाव शोधायचे होते. (आमच्याकडे शिपाई असो की हवालदार, गाव त्याला मेजरच म्हणते.) नाव सांगताना ते अडखळले, आडनाव नीट आठवेना. मग म्हणाले, "नंबर सांगतो, लिहून घ्या गुरुजी." आणि त्या मेलेल्या मित्राचा पलटणीतला नंबर त्यांनी एका दमात म्हणून दाखवला. त्याच्या मागोमाग स्वतःच्या रायफलीचा बट नंबरही. या माणसाला स्वतःचा मोबाइल नंबर सांगता येत नाही; नातवाने तो चिठ्ठीवर लिहून खिशात घातलेला असतो. नाव सापडले. मेजरनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याला आपल्याकडचे पेढे लई आवडायचे. मी सुट्टीवरून गेलो की पहिला डबा हाच फोडायचा." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "याच्या घरचं कुणी येऊन गेलं असंल का हो इथं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिथे रोज संध्याकाळी एका हुतात्म्याच्या घरच्या माणसाला बोलावून त्याच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. फार चांगली प्रथा आहे. पण डोंगरातल्या वस्तीवर राहणाऱ्या एखाद्या वीरपत्नीला ते आमंत्रण आले, तरी तिला दिल्लीपर्यंत नेणार कोण? मुले चाकणला कंपनीत, नाहीतर ऊसतोडीला. १६ डिसेंबरचा विजय दिवस येतो तेव्हा इकडची कितीतरी घरे कारखान्याच्या तळावर कोप्यांमध्ये असतात. घरात राहिलेली म्हणतात, "आता या वयात कशाला?" ते काळजीपोटीच म्हणतात, त्यांना दोष देता येत नाही.

सत्कार मात्र होतात. २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला यांना बोलावतात, शाल-श्रीफळ देतात आणि पाहुणे येईपर्यंत उन्हात बसवून ठेवतात. सत्कार करू नका असे मी म्हणत नाही. पण सत्काराच्या मांडवात हा माणूस पाहुणा असतो आणि स्मारकावर तो घरचा असतो. तिथे ज्यांची नावे आहेत त्यांच्यासोबत तो जेवलेला आहे. त्याला हार घालण्यापेक्षा त्याच्या हातून तिथे हार घातला जावा, याला मी मोठा मान मानतो.

या बाबतीत ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपालांची हकिकत मला फार मोलाची वाटते. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत, एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांचे वडील आपली जन्मभूमी सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. वय ८१. लाहोरमध्ये ज्यांनी त्यांना घरी ठेवून घेतले, त्यांची सरबराई केली, ते ब्रिगेडियर नासिर त्याच लढाईत समोरच्या बाजूला होते. निघायच्या आधी त्यांनी म्हाताऱ्या बापाला सांगितले, की आपला मुलगा माझ्या हातून गेला. कुठल्याही सरकारी पत्राने जे त्या बापाला सांगितले नसते, ते त्या माणसाने सोबत राहून सांगितले. सोबतीत एवढे सामावलेले असते. आमच्यासारख्यांच्या सोबतीला ती सर येणार नाही, पण आपण निदान ऐकून घेऊ शकतो. दिल्लीहून परतीच्या रेल्वेत आमची मंडळी रात्री उशिरापर्यंत बोलत होती. नदी कोणत्या रात्री ओलांडली यावरून दोघांत वाद झाला आणि एकाने घडीच्या कागदावर नकाशा काढून दुसऱ्याला पटवले. तो कागद मी जपून ठेवला आहे. अशा बोलण्याची नोंद ठेवणारा कोणी सरकारी माणूस बरोबर असता तर किती बरे झाले असते.

जगात हे काम सामान्य माणसे करतात. लंडनचे टॅक्सीवाले १९४८ पासून एक संस्था चालवतात आणि दुसऱ्या महायुद्धातल्या वृद्ध सैनिकांना आपल्या काळ्या टॅक्सीत बसवून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, त्यांच्या मित्रांच्या कबरींपर्यंत नेतात. अमेरिकेत २००५ पासून स्वयंसेवक माजी सैनिकांना विमानाने वॉशिंग्टनची स्मारके दाखवायला नेतात. वयोवृद्धांबरोबर एकेक पालक दिलेला असतो. भूमचे जीपवाले यात मागे राहतील असे मला वाटत नाही. एकाने डिझेलपुरतेच पैसे घेऊन आम्हाला अहिल्यानगरला नेले आणि दिवसभर म्हाताऱ्यांना हात देत फिरला.

आता पैशांचे. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. साठ वर्षांवरच्या ज्येष्ठांना माणशी ३० हजार रुपयांपर्यंत खर्च, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना सोबत एक मदतनीस नेण्याची मुभा. म्हणजे म्हातारपणी प्रवासाला सोबत लागते हे सरकारने मान्य केलेलेच आहे. पण त्या योजनेची यादी देवस्थानांची आहे, आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पेन्शन धरली की आमचे कितीतरी फौजी तिथेच बाद होतात. ज्या पेन्शनसाठी उमेदीची वर्षे सीमेवर घालवली, तीच आड येते. राज्याच्या एसटीत पंचाहत्तरीवरच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट आहे, तेव्हा पुण्या-नगरपर्यंतच्या भाड्याचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे दिल्ली मात्र महाग पडते. तीर्थदर्शनाच्या यादीत युद्ध स्मारके घालावीत आणि माजी सैनिक व वीरपत्नींना उत्पन्नाची अट लावू नये, असा प्रस्ताव आपल्या विभागाकडून मंत्रालयात जावा. ते होईपर्यंत ध्वजदिन निधीतून सुरुवात करता येईल. दर ७ डिसेंबरला शाळा-कचेऱ्यांतून तो निधी गोळा होतो. मी स्वतः वर्गावर्गांतून ध्वज वाटून पैसे जमवलेले आहेत.

पहिली सहल लांबची नकोच. आमच्याच जिल्ह्यात नळदुर्ग आहे. हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता तेव्हा, १३ सप्टेंबर १९४८ ला, सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने नळदुर्ग घेतले. त्या दिवशी तिथे शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तरसिंग कामी आले. मांडीत गोळ्या लागल्यावरही सरपटत पुढे जाऊन त्यांनी हातबॉम्ब टाकले आणि समोरचा मोर्चा बंद पाडला. अशोक चक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे. पंजाबातला माणूस आमच्या मुक्तीसाठी आमच्या मातीत पडला, आणि हे जिल्ह्यातल्या पोरांना सोडा, मास्तरांनाही सांगता येत नाही. आमच्या म्हाताऱ्या फौजींना १३ सप्टेंबरला तिथे न्यावे, बरोबर कॉलेजची एनसीसीची मुले द्यावीत. एका मुलाकडे एक आजोबा. तिथून पुढे अहिल्यानगर, पुणे, मग बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, महार रेजिमेंटवाल्यांसाठी मध्य प्रदेशातले सागर, आणि ज्यांची तब्येत साथ देईल त्यांच्यासाठी दिल्ली. द्रासचे कारगिल स्मारक उंचावर आहे, हवा विरळ. ते कारगिल लढलेल्या, अजून पन्नाशी-साठीत असलेल्या मंडळींसाठी ठेवावे.

आणखी एक. स्मारकाच्या व्यवस्थापनाला आधी आपल्या विभागाचे पत्र गेले पाहिजे. एका ठिकाणी व्हीलचेअर होती, पण ती कोठीत कुलूपबंद आणि किल्लीवाला रजेवर. अर्धांगवायू झालेले आमचे सुभेदारसाहेब तासभर फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिले. शेवटी ड्यूटीवरच्या दोन जवानांनी त्यांना एका खुर्चीत बसवून उचलून आत नेले. त्या पोरांचे उपकार आहेतच, पण साहेबांना तसे उचलून नेलेले आवडले नाही आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

आपल्या खुर्चीवर बसणारे अधिकारी स्वतः गणवेश घातलेले असतात, तेव्हा यातले बरेचसे मी न सांगताही आपल्याला कळते. आम्ही तालुक्यातल्या १९६५ आणि १९७१ वाल्यांची यादी करायला घेतली आहे: वय, पलटण, कोणत्या आघाडीवर होते, आजार, चालता येते की नाही, घरी फोन कोणी उचलते. वीरपत्नींची वेगळी. धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला ती यादी आमच्याकडून मागवून घेण्यास आणि बाकीच्या तालुक्यांतही तशी करण्यास आपण सांगावे. १३ सप्टेंबरच्या नळदुर्गसाठी एक एसटी, एक डॉक्टर आणि एनसीसीची चाळीस मुले, एवढ्याचा आदेश निघाला तरी काम सुरू होईल. गेल्या पावसाळ्यात यादीतली दोन नावे आम्हाला खोडावी लागली. यंदाचा पावसाळा लागायच्या आत उत्तर यावे, ही विनंती.

आपला,
भूम तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक