हसू आलं की गुडघे लटपटतात

संगमनेरहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी दोनदा अधोरेखित करून लिहिलंय. तेव्हा आपण त्यांना संगमनेरच्या ताई म्हणू. वय ३४, दोन मुलं, एकत्र कुटुंब. सासरी आल्यापासून ‘झोपाळू सून’ हा शिक्का बसलेला. भाजी निवडताना डुलकी, मुलाचा अभ्यास घेताना डुलकी, एस.टी.त बसलं की उतरायचा थांबा हमखास मागे पडायचा. सत्यनारायणाच्या पूजेत पाटावर बसल्या बसल्या डोळा लागला आणि हातातल्या अक्षता सांडल्या, ते तर अजून घरात निघतं.

पण खरा घोटाळा हसण्याचा. दीर काहीतरी गमतीचं बोलले, ताईंना हसू फुटलं आणि दुधाच्या पातेल्यासकट त्या मटकन खाली बसल्या. शुद्ध होती, सगळं ऐकू येत होतं, पण गुडघ्यांत जीवच नव्हता. मिनिटभरात उठल्या. घरात ते ‘सोंग’ ठरलं. आधी रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, मग देवऋषी झाला, मग फिट्‌सच्या गोळ्या झाल्या. लग्नानंतर चौदाव्या वर्षी पुण्यात तपासणी झाली आणि दुखण्याला नाव मिळालं : नार्कोलेप्सी.

आता औषध चालू आहे, घरातली बोलणी थांबली आहेत. मग पत्र कशासाठी? तर ताईंना एकच हवंय. हेच दुखणं असलेली एखादी बाई भेटावी. डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे, पण त्यांचे गुडघे कधी असे गेलेले नाहीत, असं त्या लिहितात. मला ही मागणी फार रास्त वाटली.

आधी थोडं दुखण्याबद्दल, कारण हे पान वाचणाऱ्या कित्येकींनी हे नावही ऐकलं नसेल. फ्रान्समधल्या जेलिनो नावाच्या डॉक्टरांनी १८८० साली हे नाव दिलं. कारण कळायला मात्र पुढे सुमारे एकशेवीस वर्षं जावी लागली. मेंदूत ओरेक्सिन नावाचं एक द्रव्य असतं, ते आपल्याला जागं ठेवतं. १९९८ साली त्याचा शोध लागला आणि दोनएक वर्षांतच दिसून आलं, की हसताना अंग गळून जाणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत ते जवळजवळ नसतंच. म्हणजे आळस नाही, वेड नाही, बाहेरची बाधा तर नाहीच नाही. हसताना किंवा एकदम राग आला, आश्चर्य वाटलं की अंगातलं बळ जातं, त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. ती प्रत्येकीला होतेच असं नाही. झोप लागताना किंवा जाग येताना हातपाय न हलणं, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटणं, खोलीत माणूस उभा दिसणं, हेही यात येतं. आपल्याकडे याला ‘झोपेत दाबलं’ म्हणतात आणि बाई मांत्रिकाकडे जाते. एरवी निरोगी माणसालाही असं क्वचित होतं, पण दिवसाच्या अनावर झोपेबरोबर वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तपासणी झोपेची असते. रात्रभर दवाखान्यात झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी वीस मिनिटं, अशा चार-पाच डुलक्यांची संधी द्यायची. झोप किती लवकर लागते आणि स्वप्नांची झोप किती लवकर येते ते पाहतात. अशी सोय संगमनेरकरणींना पुण्या-नाशिकला आहे. पण पुष्कळ ठिकाणी फक्त घोरण्यासाठीची रात्रीची तपासणी होते. दिवसाची होते का, हे आधी फोनवर विचारून मगच गाडीत बसा.

आता ताईंच्या सोबतिणीचा प्रश्न. दोन हजार माणसांत साधारण एकाला हे दुखणं असतं, असा परदेशातल्या पाहण्यांवरचा अंदाज आहे. तोच इथे धरला, तर २०११ च्या जनगणनेत ६५ हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या संगमनेर शहरात अशी तीसेक माणसं निघावीत! बहुतेकांना स्वतःलाच पत्ता नसेल. कोणी वर्गात डुलक्या घेणारा मुलगा म्हणून मार खात असेल, कोणी विड्या वळताना पेंगते म्हणून शेजारणीची थट्टा सोसत असेल.

अशा माणसांनी एकत्र यायचं, ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये नार्कोलेप्सीच्या रुग्णांची संघटना १९६७ सालापासून आहे. आपल्याकडेही शेजारच्या दुखण्यांची उदाहरणं आहेत. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी २००४ साली ‘संवेदना’ हा अपस्माराच्या रुग्णांचा गट सुरू केला. त्यांनी स्वतः हे दुखणं भोगलेलं होतं. लग्न जुळवण्यापर्यंत त्या गटाची मजल गेली, कारण फिट्‌स येणाऱ्या मुलीचं लग्न हा घरोघरी लपवायचा विषय. अंगावर कोड असलेल्यांसाठी डॉ. माया तुळपुळे यांनी पुण्यातच ‘श्वेता असोसिएशन’ काढली, त्याही स्वतः अनुभवातून गेलेल्या. ज्यांनी सोसलं त्यांनीच पहिली खुर्ची मांडली, हे लक्षात घ्या.

आणि ताई, आपल्याला हे जमणार नाही असं कसं म्हणावं? भिशी, बचत गट, भजनी मंडळ हे सगळं बायकाच तर चालवतात. तुमच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या पेशंटचा नंबर मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नये. तुमचीच चिठ्ठी त्यांच्याकडे ठेवा. असा कोणी पेशंट आला, तर त्याला द्या म्हणावं. भेटायचं की नाही ते त्याने ठरवायचं. शाळेतल्या शिक्षकांनाही सांगून ठेवा, कारण हे दुखणं बहुधा वयात येताना सुरू होतं. दोघी जमलात तरी पुष्कळ. वेळ सकाळी अकराची ठेवा, जेवणानंतरची नको. मध्ये पंधरा-वीस मिनिटं झोप धरूनच चाला, तिची लाज इथे तरी कोणाला वाटायची? बसायला खुर्च्या नकोत, सतरंजी बरी. म्हणजे हसता हसता कोणी कलंडली, तर लागायचं नाही. तुम्ही लिहिलंय, की घरात चारचौघं हसायला लागली की तुम्ही उठून मोरीत जाता, हसू यायला नको म्हणून. ते वाचून मी पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं.

दुसरीकडून शिकण्यासारखं पुष्कळ असतं : गॅसजवळ उभं राहण्याआधी डुलकी कशी काढून घ्यावी, तान्हं मूल घेऊन जिना न उतरता खालीच बिछाना कसा करावा, सासूबाईंना कोणत्या शब्दांत सांगावं. गोळ्यांची मात्र देवघेव नको. मोडाफिनिल हे औषध घेणाऱ्या बाईला संततिनियमनाच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. औषध थांबवल्यावरही महिना-दोन महिने दुसरा उपाय लागतो. दिवस राहावेत असं मनात असेल, तरीही आधी डॉक्टरांशी बोलायचं. अंग गळू नये म्हणून दिलेली गोळी मनानेच एकदम बंद केली, तर त्रास उसळून येतो. इथे मैत्रिणीचा सल्ला चालायचा नाही.

आता इतर वाचकांसाठी. संगमनेर, अकोले, सिन्नर, राहाता या भागात, किंवा कुठेही, हे दुखणं असलेली कोणी असेल, तर ताईंच्या नावे पत्र पाठवा. आमच्या पत्त्यावर एक पाकीट, त्याच्या आत ताईंसाठी बंद पाकीट, आणि बाहेर डाव्या कोपऱ्यात ‘संगमनेर’ एवढंच लिहा. आतलं पाकीट न फोडता पुढे जाईल.