मोसमी रंगांची शर्यत आणि कारागिराची गती

दरवर्षी डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील ‘पॅन्टोन’ ही कंपनी आगामी वर्षाचा रंग जाहीर करते. २००० या वर्षापासून हा प्रघात चालू आहे. २०२४ साठी पीच फळाच्या सालीसारखी फिकट छटा निवडली गेली, २०२५ साठी कॉफीकडे झुकणारा तपकिरी आणि २०२६ साठी तर चक्क पांढरा. कापड गिरण्या, सौंदर्यप्रसाधनांचे उत्पादक आणि गृहसजावटीच्या वस्तू विकणारी दुकाने या घोषणेची वाट पाहत असतात. गेल्या काही वर्षांत मात्र या घोषणेचे पडसाद येवल्याच्या मागापर्यंत आणि कच्छच्या छपाईपर्यंत पोहोचू लागले आहेत. प्रदर्शनांतील गाळेधारकांना, बचतगटांना आणि इंटरनेटवरून हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांना एकच सल्ला दिला जातो : बाजारात काय चालते ते पाहा आणि रंग बदला.

हा सल्ला वाऱ्यावर सोडून देण्याजोगा नाही. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात हातमागावर अवलंबून असलेल्या कामगारांची संख्या ३५ लाखांच्या आसपास आहे आणि विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांहून कमी आहे. ज्याच्या घरात एवढीच मिळकत येते, त्याला ‘परंपरा जपा’ असा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे. माल खपला तरच कला टिकते, हे सत्य नाकारता येणार नाही. तथापि, बाजाराकडे पाहणे आणि प्रत्येक मोसमाच्या मागे धावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नेमका हाच भेद या सल्ल्यात हरवतो.

परंपरा कधी बदलतच नाही, हा समज प्रथम दूर करावयास हवा. कच्छमधील अजरख छपाईचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. नीळ आणि मंजिष्ठेच्या लाल रंगातील हे कापड मुख्यत्वे तेथील मालधारी पशुपालकांसाठी छापले जात असे. स्वस्त कृत्रिम धाग्याचे कापड आले आणि हा हक्काचा ग्राहक दुरावला. खत्री कारागिरांनी मधल्या काळात रासायनिक रंगांचाही अवलंब केला होता. सत्तरच्या दशकात नैसर्गिक रंगांचे पुनरुज्जीवन झाले आणि शहरी ग्राहक मिळू लागला. २००१ च्या भूकंपानंतर धमडका येथील पाण्याचा गुण बदलला, तेव्हा अनेक कुटुंबांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले. आज अजरख सुती कापडावर छापले जाते, तसेच रेशमावर आणि मोडालवरही. लुंगी आणि फेट्याची जागा साडी, दुपट्टा आणि पडद्यांनी घेतली आहे. वस्तू बदलली, कापड बदलले, रंगांत भर पडली. पुन:पुन्हा धुणे, रंग रोधून ठसे उमटवणे आणि भूमितीय आकृत्यांची मांडणी ही प्रक्रिया मात्र कायम राहिली.

महाराष्ट्रातही याहून वेगळे घडलेले नाही. वारली चित्रे विवाहप्रसंगी सवाष्णी भिंतीवर काढत असत. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली आणि त्या कलेला जगभर रसिक लाभले. नऊवारीची पैठणी सहावारी झाली. म्हणजे ‘बदलावे की नाही’ हा वादाचा विषयच नव्हे. बदल किती वर्षांच्या अंतराने व्हावा, कोणत्या अंगात व्हावा आणि तो फसला तर नुकसान कोणी सोसावे, हे खरे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न काळाचा. पैठणीच्या मागावर ताणा एकदा चढला की त्याचा रंग त्या ताण्यापुरता ठरून जातो. विणकराच्या हाती उरतो तो बाणा, काठ आणि पदर. पदरावरील मोर, मुनिया किंवा आसावली अनेक लहान तिल्ल्यांनी, एकेका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवत भरली जाते. नक्षी जितकी भरगच्च, तितके दिवस अधिक. साधी साडी काही आठवड्यांत उतरते, तर भरगच्च पदराच्या साडीला अनेक महिने लागतात. समजा, डिसेंबरात जाहीर झालेला रंग पाहून एखाद्या विणकराने रेशीम रंगवून घेतले आणि चार महिन्यांची साडी मागावर घेतली. ती मागावरून उतरेपर्यंत उन्हाळा आलेला असतो आणि लग्नसराईची बरीचशी खरेदी आटोपलेली असते. साडी पुढील दिवाळीपर्यंत कपाटात राहिली तर लगेच नव्या वर्षाचा नवा रंग दारात उभा. याउलट, युरोपातील झटपट फॅशनच्या मोठ्या कंपन्या कागदावरील कल्पना काही आठवड्यांत दुकानात आणतात. त्यांचा अंदाज चुकला तर माल सवलतीत काढून टाकता येतो. एका मागाच्या धन्याला ‘सेल’ लावण्याची ही चैन परवडत नाही.

दुसरा प्रश्न जोखमीचा. येवल्यात अनेक विणकर व्यापाऱ्याने पुरवलेल्या रेशमावर आणि जरीवर मजुरीने काम करतात. तेथे रंगाचा निर्णय व्यापारी घेतो आणि पडून राहिलेल्या मालाचा भार, निदान सुरुवातीस, त्याच्यावर पडतो. स्वत:च्या भांडवलावर विणणाऱ्याची स्थिती अधिक नाजूक असते. रेशीम आणि जर रोखीने किंवा उधारीवर घेतलेली, चार महिन्यांची मजुरी त्यात गुंतलेली आणि साडीचा रंग मात्र ‘गेल्या वर्षीचा’ ठरलेला. नव्या रंगाचा सल्ला देणारा आराखडाकार किंवा कार्यशाळेतील तज्ज्ञ या नुकसानीत भागीदार नसतो. म्हणून सल्ल्याची किंमत ठरवण्याचा साधा निकष असा की, जो रंग सुचवतो त्याने आगाऊ रक्कम देऊन मागणी नोंदवावी. आगाऊ रकमेसह आलेली मागणी कोणत्याही छटेची असो, कारागिराने ती स्वीकारण्यात गैर काहीच नाही. स्वत:च्या पैशाने मोसमावर पैज लावणे मात्र त्याला परवडणारे नाही.

अर्थात, सर्वच कलांना हे एकाच मापाने मोजता येणार नाही. मण्यांचे दागिने, कागदी वस्तू, भरतकामाच्या पिशव्या किंवा रंगवलेल्या मातीच्या वस्तू तयार होण्यास तास वा दिवस लागतात. कच्चा माल थोडा लागतो आणि रंग शेवटच्या टप्प्यावर ठरवता येतो. अशा विक्रेत्याने हंगामाचा रंग थोड्या वस्तूंत आजमावून पाहिला तर त्याचे फारसे बिघडत नाही. ज्या वस्तूत रंग आरंभीच ठरतो आणि श्रम नंतर ओतले जातात, तेथे सावधगिरी अधिक हवी. ‘ट्रेंड पाळावा काय’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच वस्तूगणिक बदलते.

शिवाय प्रत्येक लाट सारखीच अनपेक्षित नसते. नवरात्रातील नऊ रंगांची प्रथा हे महाराष्ट्राच्या ओळखीचे उदाहरण. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या वृत्तपत्रांतून ती रुजली आणि कार्यालये, लोकल गाड्या, बँका त्या त्या दिवशी एकाच रंगात दिसू लागल्या. तिच्यामागे शास्त्राधार शोधणे व्यर्थ आहे. परंतु विक्रेत्याच्या दृष्टीने तिचा एक मोठा गुण असा की, त्यातील बहुतेक रंग वारावरून ठरतात. सोमवारचा पांढरा, मंगळवारचा लाल, गुरुवारचा पिवळा हे आधीच ठाऊक असते आणि पुढच्या वर्षीही ते लागतात. अशा लाटेची तयारी सहा महिने आधी करता येते. लग्नातील फिकट रंगांची आवडही अशीच संथपणे पसरली. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्मा हिने विवाहात फिकट गुलाबी लेहंगा परिधान केला, त्यानंतर वधूच्या पोशाखात अबोली, मोतिया अशा सौम्य छटांची चर्चा वाढली आणि ती एका मोसमात विरून गेली नाही. अशा बदलाची दखल न घेणारा विणकर स्वत:चेच नुकसान करून घेईल. वर्षभरात विरणारी लाट आणि दहा वर्षे टिकणारी रुची यांतील फरक ओळखणे, हेच खरे बाजाराचे ज्ञान होय.

मोसमामागे धावण्यात आणखी एक धोका दडलेला आहे. चालू रंग आणि चालू आकृती यांवर कोणाचीच मक्तेदारी नसते; यंत्रावर ती सर्वांत स्वस्त होते. वारलीतील मानवाकृती आज कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि भ्रमणध्वनीच्या आवरणांवर यंत्राने छापल्या जातात. यंत्रमागावरील ‘सेमी पैठणी’ हव्या त्या रंगात मिळते आणि खऱ्या पैठणीच्या कितीतरी कमी किमतीत मिळते. हातमागाच्या साडीचे वैशिष्ट्य केवळ ‘यंदाचा रंग’ एवढेच उरले तर तिने यंत्राशी यंत्राच्याच अंगणात कुस्ती मांडली, असे होईल. पदराची उलट बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ असणे, बोटांनी अडकवलेल्या धाग्यांची वीण, ताण्या-बाण्याच्या दोन रंगांतून उमटणारी धूपछाव ही तिची बलस्थाने आहेत. ती ग्राहकाला समजावून सांगणारा विक्रेता रंगांच्या शर्यतीत मागे पडला तरी बाजारात मागे पडत नाही. २०१० मध्ये पैठणीला मिळालेले भौगोलिक मानांकन किंवा २००६ पासूनचे ‘हँडलूम मार्क’ ही याच ओळखीची साधने होत. परंतु दुकानात ती पाहून खरेदी करणारा ग्राहक अजून विरळाच आहे.

कोल्हापुरी चपलेचे ताजे प्रकरण येथे आठवावयास हवे. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात ‘प्राडा’ने कोल्हापुरीशी साम्य असलेल्या चपला सादर केल्या आणि मूळ स्थानाचा उल्लेख न केल्याने महाराष्ट्रात रोष उसळला. पुढे कंपनीने प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे; तथापि ते नावाचे रक्षण करते, आकार सर्वत्र अडवू शकत नाही. यात एक विसंगती दडलेली आहे. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा रंग, पट्ट्यांची रचना, अंगठ्याची जागा या ज्या गोष्टींकडे जगातील धनाढ्य फॅशनगृह वळले, त्या कोल्हापूरच्या कारागिरांनी कोणत्याही मोसमासाठी घडवलेल्या नव्हत्या. त्यांनी दर हंगामाला चपलेचे रूप पालटले असते, तर उचलण्याजोगे असे तेथे काही उरलेही नसते. अशा प्रसिद्धीने मागणी वाढते, हे खरे. पण एका मोसमाच्या गर्दीकडे पाहून कर्ज काढणे किंवा चामडे कमावण्याचा काळ कमी करणे हा त्या प्रसिद्धीचा सर्वांत महागडा परिणाम ठरेल.

मग कारागिराने बदल करावयाचा तो कोणाच्या सांगण्यावरून? कच्छमध्ये ज्युडी फ्रेटर यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय सुरू झाले आणि २०१४ पासून सोमय्या कला विद्या ही संस्था तेच कार्य करीत आहे. तेथे विणकर, छपाईकार आणि बांधणीकार यांनाच रंगसंगती, रचना आणि बाजारपेठेचे शिक्षण दिले जाते. रंगाचे धडे आपल्याच परंपरेपासून सुरू होतात आणि शहरातील ग्राहकापर्यंत जातात. बाहेरच्या तज्ज्ञाने नमुना द्यावा आणि कारागिराने तो उतरवून काढावा, ही जुनी विभागणी तेथे मोडली गेली. असे शिक्षण घेतलेला छपाईकार फिकट छटा नाकारीत नाही. ती आपल्या नीळ-मंजिष्ठेतून कशी साधेल, याचा विचार करतो. एखादी छटा आपल्या कलेत शोभत नाही, असे ग्राहकाला सांगण्याचे धैर्यही त्याला येते.

महाराष्ट्रात पैठणी, कोल्हापुरी, वारली यांच्या प्रदर्शनांवर आणि महोत्सवांवर भर दिला जातो. गाळे उभारले जातात, छायाचित्रे निघतात. त्याऐवजी आगाऊ मागणीची हमी, खेळत्या भांडवलाचे स्वस्त कर्ज आणि कारागिरांसाठीच रचनाशिक्षण यांकडे लक्ष दिले तर रंगाचा प्रश्न आपोआप सौम्य होईल. भांडवलाची चणचण असते तोवर प्रत्येक मोसम आशेचा किंवा भीतीचा वाटतो. हाताशी थोडी पुंजी आणि बाजाराची जाण आली की कारागीर स्वत:च ठरवू शकेल, कोणता रंग मागावर घ्यावयाचा आणि कोणता केवळ पाहून सोडून द्यावयाचा.