विश्लेषण : खाजण परत आले, पण त्याचे तोंड का बुजते?

सॅन फ्रान्सिस्कोतील ‘क्रिसी फील्ड’ हे गोल्डन गेट पुलाजवळचे सार्वजनिक उद्यान. किनाऱ्यावरचा निसर्ग परत कसा आणावा, याचे उदाहरण म्हणून त्याचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र येथील खाजणाचे तोंड वाळूने वारंवार बुजते. त्याचे कारण आराखड्यातच दडलेले आहे.

आधी तेथे काय होते?

मुळात येथे शंभराहून अधिक एकरांचे खाजण होते. १९१५च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनासाठी त्यावर भराव पडला, पुढे लष्कराची धावपट्टी आली. १९९४मध्ये जागा राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेली. डांबर उखडून सुमारे १८ एकर खाजण खोदण्यात आले. नोव्हेंबर १९९९मध्ये त्यात भरतीचे पाणी शिरले. स्वयंसेवकांच्या मदतीने सुमारे एक लाख स्थानिक रोपे लावली गेली आणि २००१मध्ये उद्यान खुले झाले.

तोंड का बुजते?

लाटा किनाऱ्यालगत वाळू वाहून आणतात आणि खाजणाच्या मुखाशी टाकतात. ओहोटीला बाहेर पडणारे पाणी ती ढकलून देते. हा जोर अवलंबून असतो तो भरतीला आत किती पाणी मावते यावर. खाजण लहान, तर पाणी कमी, वेग कमी आणि वाळूची सरशी! भांगाच्या भरतीच्या दिवसांत लाटा मोठ्या असल्या की धोका वाढतो. कोकणातील मच्छीमारांना हे सांगायला नको. मुख बंद झाले की पाणी साचते, त्यातील प्राणवायू घटतो, माशांची ये-जा थांबते. मग यंत्राने वाळू उपसावी लागते.

मग खाजण मोठे का केले नाही?

जागेवर इतरांचाही हक्क होता. ऐतिहासिक धावपट्टीच्या गवताला २८ एकर मिळाले. शिवाय फेरफटक्याचा रस्ता, पुळण, वाहनतळ. लोकांसाठीच्या उद्यानात हे सारे हवेच, पण भरती वाटाघाटी करत नाही. किती पाणी आत-बाहेर व्हायला हवे हे आधी ठरवून उरलेल्या जागेत हिरवळ मांडायला हवी होती. येथे क्रम उलटा झाला.

पुढे मार्ग निघाला तो जमिनीच्या बाजूने. ‘क्वार्टरमास्टर रीच’ हा सुमारे सात एकरांचा नवा भाग २०२०मध्ये खुला झाला. टेनेसी हॉलो खोऱ्यातील, कित्येक वर्षे भूमिगत नळातून वाहणारा ओढा आता तेथून खाजणाला मिळतो.